औसेप्पची हाक

दुर्बिणीत दिसणारं ते बदक तिथे असायला नको होतं.

शोशाम्मा टीचरनी डोळा बाजूला घेतला, भिंग पदराने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. बदक होतं तिथेच. वट्टक्करीच्या बुडालेल्या शेतात पाचसहाशे पाळीव बदकं चरत होती, आणि त्यांच्या मधोमध ते खाली डोकं वर शेपूट करून चिखल चाळत होतं. मग ते सरळ झालं आणि त्याने डावा गाल दाखवला.

चोचीच्या टोकाला पिवळा डाग. पंख मिटले की पाठीवर पांढरी पट्टी. ही लक्षणं रानातल्या हळदीकुंकू बदकाची. पण बूड जड, मान ताठ, आणि शेपटीवर वळलेलं कुरळं पीस. ते पीस गावातल्या नराचं. रानातल्या नराला ते नसतं. म्हणजे संकर. रानातले नर पाळीव कळपांत उतरतात, तेव्हा बाप रानातला आणि आई घरची. असे संकर केरळच्या कुट्टनाडात अधूनमधून दिसतात, त्यात नवल नाही. नवल पुढे होतं. चोचीच्या मुळाशी जे लाल ठिपके असतात, त्यातला या नराला एकच होता, डावीकडचा. उजवी बाजू कोरी.

टीचरनी पिशवीतून गेल्या वर्षीची वही काढली. जानेवारी, शनिवार. पेन्सिलीने काढलेलं चित्र आणि खाली त्यांचंच बारीक अक्षर: ‘संकर, नर, पूर्ण वाढलेला. लाल ठिपका फक्त डावीकडे. कळप औसेप्पचा.’

त्या शनिवार-रविवारनंतर औसेप्प कुणाला दिसला नाही. त्याचा सहाशे बदकांचा कळपही दिसला नाही.

आता दूरवर एका होडीत उभा राहून हा कळप जो माणूस राखत होता, तो औसेप्पचा मेहुणा होता, लोनप्पन.

शोशाम्मा टीचर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा त्या एकट्याच या बांधावर येऊन बसत. पक्षी बघणाऱ्या मंडळींत त्यांची चेष्टा ठरलेली. ही मंडळी दूर सैबेरियातून आलेल्या बदकासाठी पहाटे तीनला उठतील, पण गावातलं बदक समोर आलं तर मान फिरवतील. पाळीव आणि संकर बदकं गणनेत धरत नाहीत, असा नियमच. टीचर मात्र तीही लिहीत, चित्र काढून लिहीत. त्यामुळे त्यांचं नाव पडलं होतं बदकटीचर. कुणी काही म्हणो, त्यांना त्याची काडीइतकीही पर्वा नव्हती.

बदकपाळांपैकी त्यांना न हसणारा एकच माणूस होता, औसेप्प. ‘टीचर, हा बघा आणखी एक विचित्र,’ म्हणत तो होडी मुद्दाम बांधाला लावायचा. त्या शनिवारीही त्याने लावली होती. पण उतरला नाही.

“आज गप्पा नाहीत, टीचर,” तो म्हणाला होता. “एका कळपात बदकं माना वाकड्या करून मरतायत. डॉक्टरला सांगायलाच हवं. त्याआधी घरच्या माणसाला सांगून बघतो.”

घरचा माणूस म्हणजे बायको, असं टीचरनी धरलं. कुणाचा कळप, हे विचारलंच नाही. त्यांचं लक्ष त्या लाल ठिपक्याकडे होतं. वर्षभर रात्री जाग आली की पहिलं हेच आठवायचं: एक प्रश्न विचारायचा होता, आणि मी चित्र काढत बसले.

*

त्रेस्याचं घर कालव्याच्या काठावर होतं. टीचर गेल्या तेव्हा ती पायरीवर बसून कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, सोलत होती. चाळिशीची बाई, वर्षात साठीची दिसू लागलेली.

“या टीचर. कट्टन टाकते.”

“चहा राहू दे गं. बस. औसेप्पबद्दल विचारायला आले.”

सुरी थांबली. “त्याच्याबद्दल विचारणारं कुणी राहिलं नाही आता. सगळ्यांना उत्तर माहीत आहे.”

“काय उत्तर?”

“बर्ड फ्लू येणार हे त्याला कळलं. सरकारी माणसं येऊन सगळी बदकं मारणार, म्हणून कळप घेऊन तमिळनाडूत, पोल्लाचीला पळाला. तिथे त्याची एक बाई आहे.” तिने हे पाठ केल्यासारखं म्हटलं. “पोलिसांनी लिहून घेतलंय, घर सोडून गेला म्हणून. चर्चमध्ये बायका माझ्यासाठी बाकावर जागा करत नाहीत.”

“बाईचं तुला कुणी सांगितलं?”

“लोनप्पाने. त्याला आधीपासून माहीत होतं म्हणे, माझं मन दुखू नये म्हणून बोलला नव्हता. तोच बघतो माझ्याकडे. दर रविवारी मासे घेऊन येतो.”

“आणि तुला काय वाटतं?”

त्रेस्याने सुरी खाली ठेवली. “मला एवढंच कळायला हवं, टीचर. मेला असेल तर मी विधवा. गेला असेल तर टाकलेली. यातलं मी कोण आहे, ते मला कुणीतरी सांगा. मी हे मधलं जगू शकत नाही.”

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “कारण तो हाक मारतो.”

“कोण?”

“तोच. संध्याकाळी. वट्टक्करीतून.”

प्रत्येक बदकपाळाची आपली हाक असते. पिल्लं लव अंगावर असल्यापासून ती ऐकतात आणि तिच्यावरच येतात. दुसऱ्याने कितीही बोंब मारली तरी ढिम्म हलत नाहीत. औसेप्पची हाक सगळ्या गावाच्या ओळखीची होती. ‘ओऽऽ वा वा वा’, आणि शेवटी आवाज खाली पडून घशात अडकायचा. गावाला ती पुन्हा ऐकू येऊ लागल्यापासून तिन्हीसांजेला वट्टक्करीकडे कुणी फिरकत नव्हतं. बांध फुटल्यापासून ते शेत तसंही बुडीतच पडलं होतं.

टीचर शास्त्र शिकवलेल्या बाई. भुताखेतावर त्यांचा विश्वास नव्हता. तरी त्या अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

दिवस कलला. पाणी आधी तांबडं झालं, मग राखाडी. बगळे परतले. मग पलीकडून, कुठून ते कळेना, आवाज आला.

ओऽऽ वा वा वा.

शेवट खाली पडला आणि घशात अडकला.

त्रेस्याने डोळे मिटून घेतले. टीचरच्या हातावर काटा उभा राहिला, आणि त्यांना स्वतःचा रागही आला. हा आवाज मेलेल्या माणसाचा असेल तर शास्त्र खोटं. जिवंत औसेप्पचा असेल तर तो माणूस राक्षस, कारण बायको इथे पायरीवर बसलेली आहे हे त्याला ठाऊक होतं. पण तिसरंही काहीतरी असू शकत होतं. ते त्यांना त्या क्षणी दिसेना, आणि घरी जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

*

“टीचर, एका बदकावरून मी केस उघडू?” सब-इन्स्पेक्टर सुगतन म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायचं त्याला अजून जमत नव्हतं.

“एक नाही, तीन. काल दुपारी आणि आज सकाळी पुन्हा बघून आले. माझ्या वहीत औसेप्पचे तीन संकर आहेत. तिन्ही त्या कळपात आहेत.”

“बदक बदकासारखं दिसतं हो.”

“दहावीत बेडकाच्या हृदयाला तू पाच कप्पे काढले होतेस, सुगता. तुला सगळंच सगळ्यासारखं दिसतं. ऊठ, आपल्याला पंपघरावर जायचंय.”

औसेप्पला शेवटचं पाहणारा म्हणजे पंपघराचा दिवाकरन. शेतातलं पाणी उपसायच्या वेळेवरून त्याचं औसेप्पशी उभं भांडण होतं. निम्मं गाव पोल्लाचीच्या बाईबद्दल बोलायचं; उरलेलं निम्मं दिवाकरनकडे तिरक्या नजरेने बघायचं. त्यामुळे पोलिसाला पाहताच तो चिडला.

“पुन्हा तेच? वर्ष झालं. मी त्याला मारलं असतं तर बोंब ठोकून सांगितलं असतं, एवढं डोकं खाल्लं होतं त्याने माझं.”

“दिवाकरन चेट्टा, नीट बोला,” सुगतन म्हणाला. “कधी पाहिलंत त्याला?”

“रविवारी, भल्या पहाटे. कळप घेऊन उत्तरेला चालला होता, वट्टक्करीच्या बाजूला.”

“उत्तरेला?” टीचर मध्येच म्हणाल्या. “पोल्लाचीला जाणारा कळप पूर्वेला ट्रकपर्यंत नेतात.”

“ते मला काय माहीत? मी पंप बघतो.”

“होडीत एकटाच होता?”

“एकटा.”

“तोंड पाहिलंस, दिवाकरा?”

“एवढ्या धुक्यात तोंड कुठलं दिसणार, टीचर? डोक्यावर टोपी, हातात बांबू.”

“मग औसेप्प कशावरून?”

दिवाकरनने त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “हाक मारत होता की. सहाशे बदकं मागून चालली होती. दुसऱ्या कुणाच्या मागून जातील ती?”

“ती हाक तुला जमते का?”

“मला? गावातली सगळी पोरं नक्कल करायची त्याची. पण बदकं फसत नाहीत. शेवटचं ते घशातलं यायला हवं ना. ते यायला त्याच्या शेजारी होडीत वर्षं काढावी लागतील.”

परत येताना टीचरनी विचारलं, “औसेप्पबरोबर होडीत वर्षं कुणी काढली, सुगता?”

सुगतनने थोडा विचार केला. “लोनप्पनने. बहिणीच्या लग्नानंतर मेहुण्याच्या हाताखालीच शिकला तो. मग स्वतःची तीनशे बदकं घेतली.”

*

लोनप्पन घरीच होता. पस्तिशीचा, बोलायला गोड माणूस. त्याने टीचरसाठी खुर्ची आणली, सुगतनसाठी शहाळं फोडलं. घर उंच भरावावर होतं, आणि अंगणाच्या कडेला जमिनीचा एक चौकोन तारेने वेढून त्यावर लाल फडकं लावलं होतं. आत पांढुरका चुना अजून दिसत होता.

“हे काय रे?” टीचरनी विचारलं.

“माझी जुनी बदकं, टीचर. फ्लूची. तीनशेच्या तीनशे गेली. सरकारी माणसं बुधवारी आली, मी त्याआधीच खड्डा खणून, चुना टाकून मोकळा झालो होतो. डॉक्टर म्हणाले, सगळे असे शहाणे असते तर. वर्षानुवर्षं उघडायचा नाही म्हणून फडकं लावून गेले.”

“कुणाकडे कधी पुरलेली पाहिली नाहीत. आपल्याकडे जाळतात.”

“लाकूड कुठून आणणार तेवढं?”

“आणि ही नवी बदकं?”

“चेंगन्नूरची. मे महिन्यात बदकं पाळायची बंदी उठली तेव्हा पिल्लं आणली. नोव्हेंबरपासून अंड्यावर आलीत.”

“सगळी?”

“सगळी एका घाण्यातली. का हो?”

“बदकटीचर आहे ना मी, चौकशा करते. एक दाखव बरं पकडून.”

त्याने सराईतपणे एक मादी उचलली आणि उलटी धरली. बदकपाळाला बदक दाखव म्हटलं की तो पाय दाखवतो. पायाच्या पडद्याला पिल्लूपणी कापलेली खाच हीच मालकाची सही. या मादीच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या पडद्यातून मोठा त्रिकोण उडवलेला होता.

“तुमच्या घराची खूण डाव्या पायाला होती ना? दोन खाचा. तुझ्या वडिलांची.”

“होती,” लोनप्पन म्हणाला. “तिने काय भलं केलं? तीनशे बदकं मेली. अपशकुनी ठरली म्हणून बदलली.”

“आणि औसेप्पची खूण कुठे असायची?”

“आठवत नाही, टीचर. वर्ष झालं.” त्याने मादी खाली सोडली. “त्या माणसाचं नाव माझ्या घरात कुणी घेत नाही. माझ्या बहिणीचं आयुष्य धुळीला मिळवलं त्याने.”

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सुगतन ते बघून विरघळला, हे टीचरना कळलं. त्या स्वतः मात्र त्या पांढुरक्या चौकोनाकडे बघत राहिल्या.

*

दोन दिवसांनी सुगतनने निरोप धाडला: जनावरांचे डॉक्टर कळप तपासणार आहेत, बदकं त्रेस्याच्या घरासमोरच्या कालव्यात आणावीत. लोनप्पनने आणली. सकाळचे दहा वाजले होते. पायरीवर त्रेस्या उभी होती, टीचर खुर्चीत, सुगतन आणि दोन शिपाई बांधावर. दिवाकरनलाही बोलावलं होतं, आणि तो कुरकुरत आला होता.

“डॉक्टर कुठायत?” लोनप्पनने होडी लावत विचारलं.

“येतील. तोवर मी बोलते,” टीचर म्हणाल्या. त्यांनी वही उघडून मांडीवर ठेवली. “लोनप्पा, हा कळप औसेप्पचा आहे.”

तो हसला. “टीचर, ऊन लागलं तुम्हाला.”

“तो नर बघ. पिवळ्या टोकाच्या चोचीचा, लाल ठिपका एका बाजूला. बाप रानातला. हे चित्र गेल्या जानेवारीतलं, औसेप्पच्या कळपातलं.”

“रानातलं बदक माझ्याही कळपात येऊन गेलं असेल. त्याचं पिल्लू.”

“तुझी बदकं अंड्यावर आली नोव्हेंबरात. अंडं उबायला चार आठवडे. त्या अंड्यातलं पिल्लू आज महिन्याचं, पिसंही धड न फुटलेलं असेल. हा पूर्ण वाढलेला आहे. आणि चेंगन्नूरच्या खुराड्यात रानातला नर शिरत नाही.”

“मग औसेप्पचं एखादं सुटून आलं असेल माझ्यात. मी काय करू?”

“एखादं आलं असतं तर मीही तसंच म्हटलं असतं. तीन आहेत. आणि सुगता, त्या नराचा पाय दाखव.”

सुगतनने शिपायाकडून तो नर पकडवला होता. उजव्या पायाच्या पडद्यात त्रिकोण होता.

“परक्याचं बदक कळपात आलं तर बदकपाळ ते परत करतो, नाहीतर खातो. त्याला आपली खूण कुणी करत नाही,” टीचर म्हणाल्या. “आणि बापाची खूणही कुणी बदलत नाही. तू बदललीस, कारण तुला बदलावी लागली. औसेप्पची खूण याच पायाच्या याच पडद्याला होती, एक बारीक खाच. माझ्या वहीत तीही आहे. खाच बुजवता येत नाही. तिच्याभोवतीचं मांस कापून मोठा त्रिकोण मात्र करता येतो. सहाशे पायांना तू तो केलास. तुम्हा लोकांना बदक म्हणजे पाय. पाय बदलले की बदकं आपली, असं तू धरून चाललास. त्यांच्या तोंडाकडे तू कधी बघितलंच नाहीस. मला पायांतलं फारसं कळत नाही. मी तोंडंच बघते.”

लोनप्पनने बांबू घट्ट धरला. “चोचीवरच्या ठिपक्यावरून मला चोर ठरवता? कोर्टात हसतील.”

“हसू देत. आता हाक मार.”

“काय?”

“कळप तुझा आहे ना? बोलाव त्यांना.”

त्याने एक हाक मारली, साधी, त्याची स्वतःची. चारपाच बदकांनी माना वर केल्या. बाकीची चरत राहिली.

टीचर दिवाकरनला खुणावणार होत्या, औसेप्पची हाक मारून बघ म्हणून. त्याआधीच त्रेस्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली होती. बायका बदकांना हाका मारत नाहीत. ते पुरुषांचं काम. तिने कधी मारली नव्हती. पण वीस वर्षं रोज संध्याकाळी तिने ती ऐकली होती.

“ओऽऽ वा वा वा.”

शेवट खाली पडला, घशात अडकला.

सगळ्या माना एकदम वळल्या. मग कालवा हलला. सहाशे बदकं पाणी कापत तिच्याकडे आली, तिच्या लुगड्याभोवती दाटली, ओरडू लागली. दिवाकरनने छातीवर हात ठेवला.

टीचर लोनप्पनकडे वळल्या. “चेंगन्नूरच्या पिल्लांना ही हाक कुणी शिकवली, लोनप्पा? दोनच वाटा आहेत. एक तर ही बदकं औसेप्पची. नाहीतर वर्षभर वट्टक्करीतून जो आवाज येतोय तो तुझा. आणि खरं म्हणजे दोन्ही आहे. दिवसा तू त्यांना तुझी हाक शिकवत होतास, पण संध्याकाळी कळप पाण्यात पांगला की जुन्या हाकेशिवाय ती येत नव्हती. गाव भुताला भ्यालं, ते तुझ्या पथ्यावर पडलं. बंदी उठून नवी पिल्लं मोठी झाली असती तोवर बदकं तिथेच लपली. दिवाकराने धुक्यात पाहिला तो माणूसही तूच. औसेप्प त्या पहाटे जिवंत नव्हता.”

“पोल्लाची...” लोनप्पनने सुरुवात केली.

“पोल्लाचीची बाई कुणी पाहिलेली नाही. तिच्याबद्दल सगळ्यांना सांगणारा एकच माणूस, तू. शनिवारी औसेप्प मला म्हणाला, आजारी बदकांचं डॉक्टरला सांगायच्या आधी घरच्या माणसाला सांगतो. मला बायको वाटली. पण त्रेस्याकडे बदकं कुठे होती? आजारी कळप तुझा होता. त्याने सांगितलं असतं तर किलोमीटरभरातलं एकूण एक बदक मारलं असतं, त्याची स्वतःचीसुद्धा. तरी तो सांगणार होता.”

टीचर उभ्या राहिल्या. “राहिला खड्डा. आपल्याकडे दोन हात खणलं की पाणी लागतं. म्हणून सगळे बदकं जाळतात. तू उंच भरावावर माणसाएवढा खोल खणलास, लाकूड नाही असं सांगून. तुझ्या परसात तीस माड आहेत, लोनप्पा. वर रोगट बदकं टाकलीस, चुना टाकलास, आणि सरकारनेच येऊन लाल फडकं लावलं. तो खड्डा कधी उघडला जाणार नव्हता.”

शिपाई होडीकडे सरकले. पळायला जागा नव्हती, आणि त्याने प्रयत्नही केला नाही. तो होडीच्या फळीवर बसला.

“मी पाया पडलो त्याच्या,” तो बहिणीकडे बघत म्हणाला. “चेची, शपथ घेतो, पाया पडलो. दहा दिवस थांब म्हटलं, जगतील तेवढी दक्षिणेला काढतो. तो म्हणाला, दहा दिवसांत सगळ्या कुट्टनाडात पसरेल, पोरांना होईल. आणि वळला. बांबू हातात होता. एकच मारला मी.”

“आणि ती बाई?” त्रेस्याने विचारलं. ती अजून पाण्यातच होती. “पोल्लाचीची?”

त्याने मान हलवली. “नव्हती.”

“ख्रिसमसला तू मला जेवायला नेलंस. अंगणात पान मांडलंस, सावली आहे म्हणून. तारेच्या शेजारी.”

त्याने तोंड फिरवलं.

“बदकाचं कालवण वाढलंस. मी जेवत नव्हते तर म्हणालास, चेची, त्याच्यासाठी किती दिवस उपाशी राहशील.” तिचा आवाज चढला नव्हता. “आणि तो खाली होता.”

सुगतनने त्याला होडीतून उतरवून नेलं. दिवाकरन डोकं खाली घालून बांधावरून निघून गेला. जाताना त्रेस्यासमोर थांबून त्याने हात जोडले.

दुपारी परवानगी आली, मुखपट्ट्या बांधलेली माणसं आली, आणि अंगणातला चौकोन उघडला. टीचरनी त्रेस्याला घरातच थांब म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. चार फुटांवर बदकांची हाडं संपली. त्याच्याखाली एक टोपी होती, आणि टोपीखाली औसेप्प.

सुगतनने डोक्यावरची टोपी काढली आणि त्रेस्याला ओळख पटवायला पुढे घेतलं. तिने ती मातीतली टोपी ओळखली, मान डोलावली आणि टीचरकडे वळली.

“म्हणजे तो मला टाकून गेला नव्हता.”

“नाही गं. कुठेच गेला नव्हता.”

“वर्षभर मी रडले नाही, टीचर. पळून गेलेल्या नवऱ्यासाठी रडलं तर लोक हसतात.” तिने पदर नीट केला, आजूबाजूला जमलेल्या सगळ्या गावाकडे एकदा बघून घेतलं. “आता रडते,” ती म्हणाली, आणि खाली बसली.